निजामभाईंची मशक

"निजामभाई, जरा थांबा. पाठ फिरवा बघू."

"कायको? पानी कमी पडलं का, बाई?"

"पाण्याचं ऱ्हाऊ द्या. मशक तर उतरवली तुमी, मंग कुशीत हे काय ऱ्हायलं?"

बेगमपुऱ्यात आमच्या परसात मोगऱ्याचे वाफे होते. गजरे करून मी गुलमंडीला विकायला धाडत असे. त्या वाफ्यांना रोज सकाळी निजामुद्दीन भिश्ती पाणी घालत. नहरीच्या हौदावर बकऱ्याच्या कातड्याची मशक भरायची, डाव्या कुशीवर घ्यायची आणि वाकून चालत यायचं, हेच त्यांचं आयुष्य. त्यांचं पाणी मोगऱ्याला चाले, आम्हाला प्यायला चालत नसे. चामड्याला शिवायचं नाही, असा सासूबाईंचा कायदा होता. बाहेर राज्य निजामाचं, पण उंबऱ्याच्या आत सासूबाईंचं. निजामभाई म्हणायचे, "मोगरा पितो ना? बस!" आणि मशकेच्या तोंडाची मूठ अशी सैल करायचे की धार नेमकी मुळाशी पडे, पानावर चिखलाचा थेंब उडत नसे.

त्या सकाळी ओला सदरा अंगाला चिकटला होता आणि बरगडीखाली डाव्या बाजूला मोठ्या कवठाएवढा फुगवटा दिसत होता.

"अहो, मशकेची गाठ हाय ती," ते हसले. "अब्बांना होती, दादांना होती. जिसको गाठ नाय, तो भिश्ती कसला?"

मलाही ते पटलं. पखालीवाले, भिश्ती, सगळ्यांच्या अंगाला असे घट्टे असतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण दुपारी त्यांची बायको सगीराभाभी परसदारी आली नि पदरात तोंड लपवून म्हणाली, "बाई, पेशाब लाल होतो त्यांचा. गर्मी हाय म्हणतात, सब्जा पितात. कुणाला सांगू देत नाय."

दुसऱ्या दिवशी मी निजामभाईंना असं फैलावर घेतलं की शेजारपाजारचे दारात आले. निजामभाई टांग्यात बसले बिचारे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कमरोद्दीन होते. शांत माणूस. त्यांनी एक तळवा पाठीमागे, एक पुढे ठेवला आणि म्हणाले, "लंबा सांस घ्या." मग आम्हाला म्हणाले, "मशकेचा घट्टा कातडीवर असतो. ही गाठ आत आहे. श्वासाबरोबर माझ्या हाताखाली खाली सरकते. गुर्द्यावर, मूत्रपिंडावर आलीय."

"गाठ दुखत तर नाय, साहेब," निजामभाई म्हणाले.

"दुखत नाही, म्हणूनच तर इतकी वाढली. हैदराबादला जावं लागेल. शिरेत दवा टोचून फोटो काढतात, त्यात दोन्ही गुर्दे दिसतात. दुसरा चांगला असला, तर हा गाठीसकट काढून टाकतील. माणूस एका गुर्द्यावर जगतो."

"आणि मशक?"

डॉक्टरांनी मान हलवली. "मशक नाही. वजनच उचलायचं नाही."

निजामभाई उठले आणि सदऱ्याची बटणं लावू लागले.

घरी येऊन त्यांनी हट्टच धरला. "नाय जायचं. लई दिवस लागतील. सगीरा संगं येणार. मागं मशक वाळंल, तडकंल. भिश्त्याची मशक तडकली म्हंजे भिश्ती मेला, बाई. मंग पोट कापून काय करू?"

भाभी रडत होती. मला रडू येत होतं नि रागही. एवढा शहाणा माणूस चामड्याच्या तुकड्यापायी जीव द्यायला निघाला होता!

"नाय तडकू देत," मी म्हणाले. "मी भिजवीन रोज."

"तुमी? हात लावाल?"

"लावीन. तेल बी लावीन. आता जाताय का नाय?"

निजामभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि भाभीला म्हणाले, "बिस्तरा बांध."

मशक आमच्या परसात खुंटीवर आली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "बाटलीस गं, द्वारके, बाटलीस!"

मी म्हणाले, "ह्याच मशकेचं पाणी मोगरा पितो, आन् तोच मोगरा तुमच्या देवाच्या डोक्यावर जातो. त्याला ईचारा आधी."

सासूबाई जेवल्या नाहीत त्या दिवशी. मी मात्र मशकेत पाणी घालून हिंदकळायची, आतबाहेर ओली करायची, मग करडीचं तेल चोळायची. पहिल्यांदा हात मागे यायचा, खोटं कशाला सांगू? पुढे तो वास सवयीचा झाला. एकदा चोळताना पाहिलं, तर कुशीला टेकून टेकून एका जागी चामडं गुळगुळीत झालं होतं. तिथं हात ठेवून मी खूप रडले.

ते परतले तेव्हा निम्मे झाले होते. कुशीपासून पोटापर्यंत शिवणीचा वण होता. भाभीने सांगितलं, फोटोत उजवा गुर्दा साफ दिसला, डावा पार चेपला होता. काढलेली गाठ तिथल्या डॉक्टरांनी भिंगाच्या काचेखाली पाहिली. तिथले मोठे सर्जन म्हणाले, अशी गाठ फार क्वचित बघायला मिळते. नशिबाने वेष्टणातच होती, बाहेर पसरली नव्हती. आता पाणी मात्र भरपूर प्यायला सांगितलं होतं.

निजामभाईंचं ध्यान तिच्या बोलण्याकडे नव्हतं. ते खुंटीपाशी गेले, मशक दोन बोटांनी चिमटली, मग मुठीत दाबली. मऊ होती.

"भरू का?" मी विचारलं.

मी आणि भाभीने रांजणातल्या पाण्याने ती भरली नि दोघींनी दोन बाजूंनी उचलली. बापरे, काय ते ओझं! जन्मभर हे एकट्याने वाहिलं होतं या माणसाने. आम्ही लटपटत वाफ्याशी गेलो. निजामभाईंनी फक्त तोंड धरलं आणि मूठ सैल केली. धार नेमकी मुळाशी पडली. एकेक वाफा झाला.

"बस करा आता, दमाल," मी म्हणाले.

"होऊ दे की, बाई. शेवटचा हाय."

ओसरीवरून सासूबाई बघत होत्या. त्यांनी आत जाऊन पितळी तांब्या भरून आणला आणि निजामभाईंच्या पुढ्यात ठेवला. "डाक्तरनं लई पाणी प्या म्हणलं ना? प्या मंग."

निजामभाई घटाघटा प्यायले. मग मशक झटकली, तोंड बांधलं आणि स्वतःच नेऊन खुंटीला टांगली. रिकामी होती, तेवढी त्यांना उचलता आली.