शाळिग्रामावरचा पांढरा थर

शाळिग्रामाला स्नान घालून तीर्थ घेतल्याशिवाय मी घोटभर पाणीही घेत नाही. सासूबाई गेल्यापासूनचा नेम. त्या सकाळी तांब्या उचलला, तर सून आडवी आली.

"आई, आज देवाची अंघोळ नको ना. काल थर धरला नाही तो ओलाव्यामुळेच."

विनिता जीवाश्मांवर संशोधन करते. तिच्याकडचा कच्छचा दगड झालेला शंख फुटका आहे. आमच्या शाळिग्रामातला त्याच्याच जवळचा, पण अखंड. दोन्हींचे फोटो आज गेले नाहीत तर तिचा लेख बाद होणार होता. काल मी पूजेनंतर देव कोरडा पुसून दिला होता. पण मांजर्लीची नदीकाठची हवा, खाचांत पाणी राहिलंच. फोटोत बारकावे उठून दिसावेत म्हणून दिलेला नवसागराचा धूर त्यावर नासलेल्या दुधासारखा फुटला.

"मग स्नान कधी?"

"फोटो झाले की लगेच. तोवर तुम्ही खाऊन घ्या."

मी तांब्या खाली ठेवला आणि देव तिच्या ओंजळीत दिला.

हे पेपराआडून म्हणाले, "पावडर लावून फोटो! स्थळं बघताय की काय देवाला?"

"बाबा, हसवू नका. श्वास लागला तरी थर जातो."

तिने दगड दिव्याखाली शेकला. काचेच्या नळीत नवसागर तापवला. कल्हईवाल्याच्या भट्टीचा तो वास मी किती वर्षांनी घेतला! पांढरा धूर काळ्या दगडावर बसत गेला आणि एकेक रेघ वर आली. इतकी वर्षं रोज चंदन लावते, पण त्या रेघा माझ्या कधी नजरेत भरल्या नव्हत्या.

पहिला थर जाड झाला. पुसून, शेकून पुन्हा. उजेड परतवायला मी पांढरा पुठ्ठा धरला होता, तोंडावर पदर. दुपार कलली तसा पुठ्ठा हलायला लागला.

विनिताने वळून पाहिलं. "आई, तुम्ही अजून पाणीसुद्धा..."

"बोलू नकोस. थर जाईल."

ती कॅमेऱ्याकडे वळली. फोटो निघाले, लेखासोबत गेलेही. मग ती देवाकडे बघत राहिली. "पार पांढरा करून ठेवला तुमचा देव."

"निघतो कशाने?"

"साध्या पाण्याने."

मी तांब्या तिच्याच हातात दिला. तिने धार धरली, देव काळा होत आला. सवयीने मी ओंजळ पुढे केली.

"अहो आई, हे नाही प्यायचं!" तिने माझा हात धरला.

दुसरा तांब्या मी घातला. त्याचं तीर्थ आधी तिला दिलं, मग मी घेतलं.