नावाने हाक

"म्हणजे तुम्ही डायपर बदलणार नाही?" मंदाकिनीबाईंनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"नाही काकू. त्याला ब्यूरोच्या मावशी येतात ना."

"आणि इंजेक्शन?"

"तेही नाही. मी डूला आहे. शेवटच्या दिवसांत माणसाच्या सोबतीला बसते. घरच्यांनाही बसायला शिकवते."

"बसायला मला येतं. पोस्टात एकतीस वर्षं काउंटरला बसूनच काढली."

सृष्टी नुसती हसली. यवतमाळकडची, तिशीतली मुलगी. सुरुचीने, म्हणजे बाईंच्या लेकीने, हिंजवडीच्या ऑफिसात बसून फोनवर शोधाशोध केली आणि तिला नारायण पेठेत आईकडे धाडलं. बाईंना खरं तर अशी कुणी हवी होती, जिच्यावर सगळं सोपवून सलग चार तास झोपता येईल. आता करण्यासारखं काही नाही, दुखू देऊ नका, असं सांगून डॉक्टरांनी बाईंच्या नवऱ्याला, अनंतरावांना, घरी पाठवलं, त्याला दीड महिना झाला होता. तेवढ्यात बाई पार पिचून गेल्या होत्या. रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं, ते उरलं नव्हतं.

"काकू, हातात काही न घेता काकांजवळ शेवटचं कधी बसलात?" सृष्टीने विचारलं.

बाई आठवू लागल्या. हातात कधी पेजेची वाटी, कधी गोळ्या, कधी ओला टॉवेल. नुसतं जाऊन बसलं तर हे काहीतरी खरं विचारतील, या धास्तीने आपण स्वतःला कामाला जुंपलं आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. कळलं म्हणून रागही आला.

"चला आत," त्या म्हणाल्या.

सृष्टी पलंगाजवळच्या स्टुलावर बसली. मग तिने विचारलं, "तुम्हाला काय म्हणू? काका चालेल?"

"चालेल की." अनंतराव दम घेत बोलत होते. "इथे अहो, बाबा, काका. दवाखान्यात पेशंट. अनंत म्हणणारं मात्र कुणी उरलं नाही. आई गेली, दादा गेला. जायच्या आधी एकदा ऐकायचं होतं."

सृष्टीने बाईंकडे पाहिलं. बाई चादरीची सुरकुती काढू लागल्या.

निरोप देताना दारात त्या म्हणाल्या, "मला नाही जमायचं. शेहेचाळीस वर्षं अहो म्हणतेय. नाव घेतलं ते उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवलं म्हणून."

"मी म्हणेन की काकू. पण माझा आवाज त्यांच्या ओळखीचा नाही. बघा तुम्ही. उद्या चारला येते."

बाईंनी दूध तापत ठेवलं आणि पातेल्याकडे बघत हळूच म्हणून पाहिलं, "अनंत." वर्गातल्या मुलाची हजेरी घेतल्यासारखं वाटलं. पुन्हा म्हटलं. मग पदराला हात पुसून त्या तशाच आत गेल्या.

स्टुलावर बसल्यावर हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी ते नवऱ्याच्या मनगटावर ठेवले. अनंतराव औषधाच्या गुंगीत होते.

"अनंत," त्या म्हणाल्या.

पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. "आई? आलीस?"

बाईंना लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून नाव घेतलं, तर ते दुसरीच्याच पदरात पडलं. मी आहे, मंदा, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. पण दीड महिना अनंतरावांच्या कपाळावर बसलेली आठी बाईंच्या डोळ्यांदेखत सैल होत होती.

"आले रे," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. बाई उठल्या नाहीत.