लग्नाला आलेली दवाखान्याची चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे. खरं म्हणजे आम्ही दोघी आहोत, पण डावी माझी बहीण अबोल आहे, म्हणून दोघींचं मी उजवीच सांगते. माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. मला उंबऱ्याबाहेर काढून ठेवलं की वाटतं, मालक आता येतील, आता पाय घालतील. त्यांना उशीर झाला की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. डावी म्हणते, जरा दम धर. पण मित्रांनो, मला दम का धरवत नाही हे ऐकलंत, तर तुम्ही मला हसणार नाही.

माझे मालक रंगराव. बुलढाणा जिल्ह्यात धाड गावाजवळ त्यांची भाजीची शेती आहे. वांगी, मिरची, थंडीत मेथी आणि कोथिंबीर. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे. एकदा मिरचीला पाणी देताना त्यांच्या साध्या स्लीपरमधून बाभळीचा काटा आरपार गेला आणि पायात रुतला. तो पाय घेऊन ते दिवसभर वाफ्यांतून हिंडले. संध्याकाळी घरी आले तेव्हा ओसरीच्या फरशीवर लाल ठिपके उमटत गेले, आणि ते त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना दिसले. तोवर रंगरावांना पत्ताच नव्हता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की शुगरमुळे पायाची जाणीव गेली आहे. काटा रुतो की चटका बसो, पाय आता तक्रार करणार नाही. यापुढे रुंद, मऊ तळाची, टाचेला धरून राहणारी चप्पलच घालायची.

असा माझा जन्म झाला. एका कारागिराने रंगरावांचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या रेघेवर मला बेतलं. खाली जाड मऊ रबर, वर रुंद काळे पट्टे, मागे टाचेचा पट्टा. नाकीडोळी मी काही नीटस नाही, हे मलाही कळतं. गावात कुणी मला होडी म्हटलं, कुणी दवाखान्याची चप्पल. दुसरं नाव मला चिकटलं. पण थोड्याच दिवसांत रंगरावांच्या पायाचा ठसा माझ्यात उतरला. अंगठ्याची खोलगट जागा, मग शेजारची बोटं, आणि कडेला करंगळीचा छोटासा खड्डा. जे त्यांना कळत नव्हतं ते मला कळायचं. माझ्यात खडा आला की मीच बेचैन व्हायचे. पण चपलेला कुठे बोलता येतं?

बरे दिवस होते ते. बाजारात, बँकेत, एसटीच्या गर्दीत, सगळीकडे मी त्यांच्याबरोबर असायचे. जखम भरली, खपलीही गळून पडली. आणि मित्रांनो, जखम भरली की माणसं तिला विसरतात.

पुढे त्यांच्या मुलीचं, अनुपमाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा दीपक खामगावचा. त्याचे वडील भगवानराव यांचं तिकडे तेलाचं दुकान. त्यांच्या घरी एक जुनी रीत होती. मुलीच्या बापाला, म्हणजे आपल्या व्याह्याला, डोक्यापासून पायापर्यंत आहेर करायचा, आणि लग्नाच्या दिवशी दोन्ही व्याह्यांनी एकसारखा पोशाख घालून मांडवाच्या दारात गळाभेट घ्यायची. भगवानरावांनी फोन करून चपलेचा नंबर विचारला. रंगरावांनी आठ सांगितला. तो त्यांचा तरुणपणीचा नंबर होता. पाय त्यानंतर किती पसरला आणि सुजला हे मला विचारायला हवं होतं, पण मला कोण विचारतो?

आहेर आला. अबोली रंगाचा फेटा, उपरणं, आणि लाल मखमलीवर जरीचं काम केलेली टोकदार मोजडी. घरभर तिचं कौतुक झालं. मला तिचा हेवा वाटला का? थोडा वाटला. पण भीती जास्त वाटली. रंगरावांनी पाय कसाबसा आत कोंबला आणि अंगणात दोन चकरा मारल्या. अनुपमाने विचारलं, लागते का कुठे? ते म्हणाले, छे, जराही दुखत नाही. झालं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुखत नाही म्हणजे मापात बसली, असं त्या घराने ठरवून टाकलं. उंबऱ्याबाहेर जागच्या जागी मी नुसती तडफडत होते. ज्या पायाला काटा कळला नाही, त्याला मोजडीचा काच कसा कळणार?

सत्यभामाबाईंच्या मनात मात्र कुठेतरी खुटखुट होती. लग्नाच्या सकाळी त्या मला पुसून पिशवीत भरू लागल्या, तेव्हा रंगरावांच्या बहिणीने, अन्नपूर्णाबाईंनी त्यांना अडवलं. खामगावचे पाहुणे काय म्हणतील, व्याह्याने दिलेली मोजडी टाकून नवरीचा बाप दवाखान्याची चप्पल घालून उभा राहिला तर त्यांचा अपमान नाही का होणार? त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं. लग्नात पायाकडेही लोकांचं लक्ष असतं. सत्यभामाबाई वाद घालत बसल्या नाहीत. असू दे बरोबर, म्हणाल्या, आणि मला पिशवीत घालून घेऊन आल्या.

बुलढाण्याच्या मंगल कार्यालयात त्यांनी पिशवी व्यासपीठाशेजारच्या खुर्चीच्या हातावर अडकवली. पिशवीचं तोंड उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. दारात व्याह्यांची गळाभेट झाली. दोघांचे फेटे सारखे, मोजड्या सारख्या. मग रंगराव पाहुण्यांचं स्वागत करत उभे राहिले. कुणाला पाणी, कुणाला खुर्ची, मध्येच स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा दारात. ताठ मानेने, भराभर चालत होते. बाप कसा मुलीच्या लग्नात तरुण झाला, असं बायका बोलत होत्या. मी प्रत्येक पावलाला जीव मुठीत धरत होते.

भगवानराव मात्र सकाळपासून सावकाश चालत होते. माझ्याजवळच्या खुर्चीत बसले की हळूच टाच मोजडीतून बाहेर काढायचे, कुणी आलं की पुन्हा आत सारायचे. एकदा रंगरावांकडे पाहून ते म्हणाले की याही, तुमचे पाय मोठे पक्के आहेत. तिकडे व्याह्याला याहीच म्हणतात. रंगराव खुशीत हसले. मला रडू येत होतं.

मग कन्यादानाची वेळ आली. मुलीच्या आईबापांनी जावयाचे पाय धुवायचे असतात. रंगरावांनी मोजडी खाली उतरवली आणि पांढऱ्या चादरीवर पाय दुमडून ते बसले. समोर चांदीचं ताम्हण, शेजारी पाण्याचा तांब्या. दीपकने पाय पुढे केला. अनुपमा नवरीसारखी खाली मान घालून बसली होती. त्या दिवशी त्या मांडवात खाली पाहणारी ती एकटीच होती. म्हणून तिलाच दिसलं. बापाच्या उजव्या पायाखालची चादर लाल होत चालली होती. करंगळीचं कातडं सोलून निघालं होतं.

"बाबा, तुमचा पाय पाहा," ती म्हणाली.

रंगरावांनी पाहिलं आणि उपरण्याने झाकायला गेले. "काही नाही बाई. दुखून नाही राह्यलं मले."

"तेच तं, बाबा. दुखून नाही राह्यलं, म्हनूनच भेव वाटते."

गुरुजी थांबले. अन्नपूर्णाबाई कुजबुजल्या की विधी मोडू नको, नंतर पाहू. पण अनुपमाने मान वर केली. आवाज चढवला नाही, मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. "आधी माह्या बापाचा पाय धुवा. मंग बाकीचं."

नवरीने असं बोलायचं नसतं, तेही सासरच्यांसमोर. सगळे भगवानरावांकडे पाहू लागले. रीत त्यांची, मोजडी त्यांची, मान त्यांचा. तेवढ्यात दीपकने पुढे केलेला आपला पाय मागे घेतला. तांब्या उचलला आणि सासऱ्याचा पाय ताम्हणात घेऊन त्यावर पाणी ओतायला लागला. रंगराव पाय ओढून घेत होते. जावयाने सासऱ्याचे पाय धुवायचे, हे त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. ताम्हणातलं पाणी गुलाबी झालं, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनीच स्वतःच्या पर्समधला स्वच्छ रुमाल पुढे केला.

भगवानराव उठले. लंगडत व्यासपीठावर आले आणि तिथेच आपली मोजडी काढली. त्यांच्या टाचेवर मोठा फोड आला होता.

"मले सकाळपासून चावून राह्यली हे," ते म्हणाले. "पन तुमी घालून फिरत होते, मंग मी कशी काढू?"

"अन् मी तुमी देल्ली म्हनून घातली, याही," रंगराव म्हणाले.

मग भगवानरावांना हसू फुटलं आणि त्यांच्यामागून सगळा मांडव हसला. मी हसले नाही. मला अजून कुणी बाहेर काढलं नव्हतं.

सत्यभामाबाईंनी पिशवी दाखवली. त्या उठणार तोच भगवानरावांनी ती खुर्चीवरून काढली, मला हातात घेतलं आणि माझा टाचेचा पट्टा सोडून रंगरावांसमोर नीट ठेवलं. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाची चप्पल हातात धरली होती, भर मांडवात. मित्रांनो, आयुष्यभर मला उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नाही. त्या दिवशी मी व्यासपीठावर होते.

विधी पुरे झाले आणि जेवणाची पंगत बसण्याआधी भगवानरावांनी स्वतःच्या जीपमधून रंगरावांना दवाखान्यात नेलं. जखम भरायला पावसाळा उजाडला. डॉक्टर म्हणाले, लवकर लक्षात आलं. दोन दिवस असंच राहिलं असतं तर करंगळी काढावी लागली असती. त्या काळात मी उंबऱ्यापाशी रिकामी पडून असायचे. माझ्यातला करंगळीचा खड्डा धुळीने भरत चालला होता. तो कायमचा रिकामा राहील या भीतीने मला चैन पडत नव्हतं. डावीदेखील तेव्हा दम धर म्हणाली नाही.

आता अनुपमा खामगावहून रोज व्हिडिओ कॉल करते. जेवलात का, हे नंतर विचारते. आधी म्हणते, बाबा, तळपाय दाखवा. रंगराव कुरकुरतात आणि दाखवतात. लग्नाच्या फोटोत फेटा बांधलेले रंगराव आहेत आणि त्यांच्या पायांत काळीकुट्ट मी आहे. अन्नपूर्णाबाईंच्या घरी आता कार्य निघालं आहे. त्यांनी भावाला निरोप पाठवला की दादा, चप्पल तुझी तीच घालून ये.

मित्रांनो, माझे पट्टे आता विरले आहेत, रबर दबलं आहे. माझ्या जागी दुसरी येईल, तेव्हा तिला टाकून नवं नटवं काही घालू नका एवढंच रंगरावांना सांगा. लग्नाकार्यात छान दिसा, जरूर दिसा. पण नवी पादत्राणं आधी घरात वापरून पाहा, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा माप घ्या. आणि तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर त्यांना दुखतंय का असं विचारून थांबू नका. खाली बसा आणि त्यांचा पाय हातात घेऊन बघा.

माझी घालमेल मात्र अजून गेलेली नाही. रोज सकाळी रंगराव माझ्यावर पाय ठेवतात, तेव्हा मी आधी अंगठा शोधत नाही. कडेचा तो छोटा खड्डा भरला का ते पाहते. करंगळी तिथे अलगद येऊन टेकते, आणि मगच मी चालायला लागते.