लाकडी पावलाची किल्ली

दिवा मालवायला उठलेली आई भिंत धरून तशीच उभी राहिली. "गरगरतंय गं. मळमळतंय पण."

हे आता रोजचंच झालं होतं. बाबांचं निदान तयारच, "पित्त आहे." शेजारच्या काकूंनी डोळे मिचकावून भलतंच काही विचारलं आणि वर स्वतःच्या रक्तदाबाची गोळीही देऊ केली. सल्ले घरोघरी, तपासायला मात्र कुणी नेत नाही! दहावीतल्या लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. घरात तिला सगळे टकळी म्हणत. दुसऱ्या दिवशी तिने आईला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी रक्तदाब आधी निजवून मोजला, मग उभं करून. "झोपायच्या वेळी चक्कर यायला एकच कारण नसतं. कानात बिघाड असेल, रक्त कमी असेल, एखादी गोळी सोसत नसेल. म्हणून अंदाजाने औषध घ्यायचं नाही. रक्त-लघवी तपासू. दिवसभरात पाणी किती पिता?"

आई पर्सच्या चेनशी चाळा करू लागली. "सकाळी घोटभर. मग घरी आल्यावर."

"तहान लागत नाही?"

"लागते की. पण प्यायलं की जावं लागतं."

मग आईने हळूहळू सगळं सांगितलं. ती चपला-बुटांच्या दुकानात विक्रीला होती. मागच्या संडासाची किल्ली मालकाच्या गल्ल्यावर असे, आणि हरवू नये म्हणून तिला बुटाचा साचा बांधलेला, चांगलं वीतभर लाकडी पाऊल. ते हातात धरून गिऱ्हाइकांमधून जायचं. मागून विक्रेते म्हणणार, "निघाली स्वारी." त्यापेक्षा घसा कोरडा पडलेला परवडला. पुरुषांचं काय, ते कुठेही आडोसा शोधतात.

तपासण्या आल्या. रक्त ठीक, पण लघवीत जंतुसंसर्ग आणि अंगात पाणी कमी. "गोळ्या मी देते," बाई म्हणाल्या. "पण रोग त्या गल्ल्यावर टांगलेला आहे. तो मला कसा बरा करता येईल?"

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी टकळी आईबरोबर दुकानात गेली. "तू तोंड उघडायचं नाहीस," आईने वाटेत बजावलं. "नोकरी गेली तर तुझी फी कोण भरणार?"

दुकान भरलेलं होतं. आईने बाटली काढली आणि सगळ्यांदेखत गटागटा रिकामी केली. थोड्या वेळाने ती गल्ल्यापाशी गेली. "किल्ली."

"आत्ता? गिऱ्हाइकं आहेत, जरा थांबा."

टकळीची जीभ वळवळली. पण बोलली आईच. "मालक, तुमचं घर वर आहे. तुम्ही जाता तेव्हा कुणाला विचारता?"

"अहो, किल्ली हरवते म्हणून..."

"मग आज हे पाऊल तुम्ही न्या. सगळ्यांसमोरून, हातात धरून. जमलं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

एका पायात नवा बूट घातलेली बाई तशीच थबकली. मालकाने तोऱ्यात पाऊल उचललं, दोन ढांगा टाकल्या, आणि वीस डोळे आपल्या हातावर खिळलेले पाहून त्याचे कान लाल झाले. तो परत फिरला. चामडं कापायची रापी घेऊन त्याने दोरी कापली.

"आजपासून किल्ली दारालाच राहील. खरंच, माझ्या लक्षातच आलं नाही."

"कसं येईल?" आई म्हणाली. "तहान आमची होती."

आठवडाभरात आई दिवा मालवून न डगमगता अंथरुणापर्यंत येऊ लागली. बाबांनी पित्ताचं नाव टाकलं. सकाळी तिची बाटली आता तेच भरतात.

मंडळी, घरातली बाई रात्री गरगरतंय म्हणाली तर घरबसल्या वैद्यकी करू नका, तिला डॉक्टरांकडे न्या. ती दिवसभर कुठे असते आणि तिथे तिला पाणी पिण्याची मुभा आहे का, तेही विचारा. आणि उद्या कामावर गेलात की एवढं बघा, तुमच्याकडची ती किल्ली कुणाच्या हातात आहे.