ताडपत्रीखालची ऊब

"ताडपत्री हाताने पारखायची नसते, सूनबाई. डोक्यावर घ्यायची आणि आतून उन्हाकडे बघायचं. एक जरी चांदणी दिसली तरी ती परत करायची."

सासऱ्यांचे हे शब्द मनात घोळवत थोरली दुकानामागच्या अंगणात ताडपत्रीखाली शिरली. पदर घसरू लागला तसा तिने तो दातांत धरला. बाहेर टळटळीत ऊन होतं, आत मिट्ट काळोख. एकही चांदणी नव्हती. नव्या कापडाचा उग्र वास नाकात बसला, श्वास कोंडल्यासारखा झाला. पण जिवाला बरंच वाटलं. जिथून उजेड येत नाही तिथून पाणी काय येणार?

"वहिनी, मुक्काम आहे का आत?" दिराने बाहेरून विचारलं.

"घाई असेल तर तुम्ही निवडा, भाऊजी."

"मी निवडली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. सावकाश होऊ द्या."

ती बाहेर आली तेव्हा दुकानदार दुसरंच काही उलगडून बसला होता. जाडंभरडं, मातकट रंगाचं कॅनव्हास.

"हेही बघून ठेवा," तो म्हणाला. "पाणी वरून निथळून जातं आणि आतली वाफ बाहेर पडते."

"वाफ कसली? आमच्या ढिगाला वाफ येत नसते. सासऱ्यांनी हयातभर काळी, जाडच घेतली."

"ती मिठावर. यंदाही मीठच ना?"

"यंदा भुसा," दीर म्हणाला. "लाकडाचा. कारखान्याच्या बॉयलरला जातो."

दुकानदाराचा हात कॅनव्हासवरच राहिला. "कोरडा आहे?"

"खडखडीत."

थोरलीने दिराकडे पाहिलं. भुशाच्या शेवटच्या गाड्या भर पावसात उघड्या आल्या होत्या. फळ्यांतून गळणारं पिवळं पाणी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घरचं उणं परक्यापुढे काढायचं नाही, हे वळण तिला या घराने लावलं होतं. तिने मान खाली घातली आणि काळीच बांधायला सांगितली.

मिठाचं घर ते. मिठाला वैरी एकच, पाणी. त्याला बाहेर ठेवलं की मीठ वर्षानुवर्षं गुमान पडून राहतं. सासरे गेले, पाठोपाठ थोरलीचा नवरा गेला, आणि मिठाची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. वखार ओस पडायच्या बेतात असताना दिराने कारखान्याचं काम मिळवलं. हा पहिलाच ढीग. कारखान्याने तो उचलला तर वखार तगणार होती, नाकारला तर फाटकाला कुलूप. म्हणून दोघांनी तो मिठासारखाच जपला. वाऱ्याला फट नाही, मुंगीला वाट नाही, अशा दोऱ्या ताणून पायथ्याला वाळूची पोती लावली. बांधून झाल्यावर थोरलीने ढिगाला हात जोडले. तिला हसायला कोण होतं? राखणदार मामा होते, आणि त्यांनीही तिच्या मागे उभं राहून हात जोडले.

थंडी पडली. सकाळी थोरली वखारीत फेरी मारायची तेव्हा फाटक, पत्रे, ताडपत्री, सगळं दवाने निथळत असायचं. ढिगाच्या मागच्या अंगाला मात्र एक पट्टा कोरडा दिसे. ऊन तिथे आधी लागत असेल, असं तिने मनाशी म्हटलं. मग एक दिवस आभाळ भरून आलं, ऊन म्हणून नव्हतं, आणि पट्टा तरीही कोरडाच. कालच्याहून अंमळ रुंद. तिने हात पुढे केला.

"वहिनी," दीर मागून म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला, तिला कळलंच नव्हतं. "चहा निवतोय तुमचा."

तिने हात मागे घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपार कलताना, राखणदाराची बायको डाळ निवडायला आली. तिला सगळे मामी म्हणत. मामींच्या तोंडाला आणि हाताला एकदमच गती असे.

"थोरल्या बाई, तुमच्या वखारीत माझी सवत नांदतेय," मामी म्हणाल्या.

"काय बोलता?"

"मग काय. इतकी थंडी, आणि आमचा माणूस गोधडी घरी टाकून जातो. जन्मभर थंडीच्या नावाने रडला, आता म्हणतो, तिकडे छान ऊब आहे. मी म्हटलं, एकदा येऊन बघतेच कोण भवानी आहे ती."

थोरली हसली. "मग? कोण निघाली?"

"तुमचा ढीग. मागच्या बाजूचं पोतं सरकवून ताडपत्रीखाली शिरतात आणि भुशाला पाठ लावून निजतात. आईच्या कुशीत निजल्यासारखं वाटतं म्हणे. वारा येऊ नये म्हणून पोतं परत आतून ओढून घेतात, वर दोरीला आतूनच गाठ मारतात. राखण करायला ठेवलाय की पुरून घ्यायला, देव जाणे."

थोरलीची बोटं डाळीत थांबली.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. झोप मात्र इतकी गाढ लागते, की घरी आले तरी डोळ्यांवर असतेच. सकाळी डोकं धरून बसतात, अन्न नको म्हणतात. काल उंबऱ्यातच तोल गेला." मामींनी एक खडा वेचून बाजूला टाकला. त्यांचा आवाज उतरला होता. "माझं ऐकत नाहीत हो. तुम्ही सांगाल का? घरी येऊन निजा म्हणावं. तुमचा शब्द नाही मोडायचे."

थोरलीने सूप खाली ठेवलं. हाताला लागलेली डाळीची धूळ तिने पुन्हा पुन्हा झटकली.

"आज ते घरी निजतील, मामी," ती म्हणाली. "देवासमोर बोलतेय असं समजा."

ती माजघरात गेली. दीर खिडकीशी बसून बाहेरची झाडं बघत होता. वारा सुटला होता.

"भाऊजी, ओला भुसा कोंडून ढीग आतून तापलाय."

त्याने मान वळवली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

त्याने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत मागे सारली. मनगटाच्या वरची कातडी लाल होऊन सोलवटली होती. "परवा हात घालून पाहिला," तो म्हणाला. "आत धुमसतोय. जाळ नाही. हवा मिळत नाही म्हणून गप्प आहे. उद्या सकाळी कारखान्याच्या गाड्या येतील. वरचा माल चांगला आहे, वहिनी. आजचा दिवस निभावला की झालं."

"मामा त्याला पाठ लावून निजतात. ताडपत्रीखाली."

आता त्याने तिच्याकडे पाहिलं. बघता बघता त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"खाली? ते तर राखणीच्या झोपडीत..."

"खाली. आतून बंद करून. ती कोंडलेली विषारी वाफ रोज छातीत घेतात. कुठे आहेत ते?"

"मघाशीच गेले. आज उजेडीच. डोकं ठणकतंय म्हणाले, जरा पडतो."

थोरलीने पदर कमरेला खोचला. दाराआड झावळ्या तोडायचा कोयता असे, तो तिने काढला. दीर उठून दारात आला, आडवा नव्हे, पण वाटेत.

"दोरी कापू नका, वहिनी. या वाऱ्यात एकदा तोंड उघडलं तर ढीग राहणार नाही. काहीच राहणार नाही. फाटकातून हाका मारा, उठतील ते."

"आधी हाकच मारते," ती म्हणाली. "तुम्ही पाणी घेऊन मागून या. असेल तेवढं."

तो बाजूला झाला. विहिरीकडे जायचं सोडून तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला, मग एकदम तिकडे पळत सुटला.

ओसरीवर मामी निवडलेली डाळ डब्यात भरत होत्या. थोरलीला बघून त्यांनी वर पाहिलं. "निघालात? अहो, इतकी काय घाई? उद्या बोललात तरी चालेल."

थोरलीने चपला घातल्या. कोयता पदराआड सारला.

"तुम्ही घरी जा, मामी," ती म्हणाली. "दोघांचं अंथरूण घालून ठेवा."

आणि मामींच्या नजरेत न बघता ती पायऱ्या उतरली.