दादाची मुखत्यार

"बाई, हा कागद इथे चालायचा नाही." नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने मुखत्यारपत्र खिडकीतून परत सरकवलं.

"अहो, पण माझ्या भावाने तिकडच्या नोटरीसमोर सही केलीय. हा बघा शिक्का."

"शिक्का दिसतोय मला. पण तो नोटरी खरा की खोटा, हे मी कुणाला विचारू? आधी तिकडच्या सरकारने म्हणायला हवं, की हा आमचाच माणूस. त्यावर आपल्या वकिलातीचा शिक्का. मग इथे भाषांतर, तेही सरकारमान्य माणसाकडून. मग या माझ्याकडे."

"एवढ्या वेळात माझा भाऊ चालत आला असता हो!"

"मग आणा की त्यालाच."

"अंथरुणाला खिळलाय तो," ती म्हणाली. कारकून जरा नरमला. कोणता शिक्का कुणाच्या आधी, ते त्याने तिला पुन्हा एकदा सावकाश समजावून सांगितलं.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेमला बसवायच्या. म्हणून सगळे तिला काचबाई म्हणत. ठमी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे दादा. लहानपणी ती गोलमटोल होती. आता अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण दादासाठी ती ठमीच होती.

दादा ऐन तरुणपणी परदेशी गेला, तिकडेच त्याने संसार थाटला. आईवडिलांचं दुखणंखुपणं, शेवटची वर्षं, सगळं हिने निस्तरलं. लग्न राहिलं ते राहिलंच. वडिलांनी तीन खोल्यांचं घर दोघांच्या नावावर ठेवलं होतं. दादा आजारी पडला आणि एका सकाळी त्याचा फोन आला.

"ठमे, घर विकावं लागेल गं. तुझ्या डोक्यावरचं छप्पर काढायला जिवावर येतंय, पण इथली औषधं..."

तिने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "तू बरा हो आधी. मला एकटीला तीन खोल्या झाडून कंबरडं मोडतं." फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ तिन्ही खोल्यांतून नुसतीच फिरत राहिली.

दादाने तिला आपली मुखत्यार केलं. त्याच्या वतीने सही करायची, एवढंच काम. पण कागद परत तिकडे गेला, शिक्के घेऊन आला, तर भाषांतर करणाऱ्या म्हाताऱ्याने वडिलांचं नाव चुकवलं. ते दुरुस्त करायला पुन्हा खेटे. मालक कुरकुरायला लागला, "काचबाई, तुम्ही माझ्याकडे नोकरी करता की सरकारकडे?" ती हसून वेळ मारून न्यायची.

या धावपळीत दादाचा आवाज मात्र तिच्या कानावर पडेना. फोन वहिनीच घ्यायची. "आत्ताच डोळा लागलाय हो त्यांचा." कधी, "औषधाची गुंगी आहे." पण त्याच्या फोनवरून मेसेज यायचे. 'ठमे, घसा पार बसलाय माझा. किती धावतेस गं माझ्यासाठी!' तिने तो रांगेत उभ्याउभ्याच वाचला, पुन्हा वाचला, आणि पायांतले गोळे विसरली.

अखेर सगळे शिक्के जुळले. घर एक बेकरीवाला आणि त्याची बायको घेत होते. नोंदणीच्या दिवशी दोघं नवे कपडे घालून आली होती. अधिकाऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मुखत्यारपत्र देणारा हयात आहे, असं तुम्ही लिहून देताय. चुकीचं निघालं तर तुम्हाला धरतील. कळतंय ना?"

"हयात आहे हो. काल रात्रीच मेसेज आलाय त्याचा."

तिने सही केली, अंगठा उमटवला आणि जिन्यात येऊन वहिनीला फोन लावला.

"झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं."

"म्हणजे नोंदणीसुद्धा? आता मागे फिरायचं नाही ना काही?"

"नाही हो वहिनी. दादाला द्या ना जरा. माझ्या तोंडून ऐकू दे त्याला."



"वन्सं, बसून घ्या कुठेतरी. हे गेले."

"कुठे गेला?"

"गेले, वन्सं. दीड महिना झाला."

तिने कठडा धरला. शेजारून माणसं वर जात होती, खाली उतरत होती. कुणाची तरी पिशवी तिच्या गुडघ्याला लागली.

"आणि मेसेज?"

"त्यांच्या फोनवरून मीच..."

"ठमे म्हणून?"

"जुन्या मेसेजमध्ये होतं ना. ते बघून." वहिनी रडायला लागली. "वन्सं, माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्र बाद होतं, असं वकील म्हणाला. मग वारसांचे दाखले, दोन्ही देशांचे शिक्के, पुन्हा पहिल्यापासून. मी एकटी पडले हो इथे. माझ्यात त्राण नव्हतं. आणि शेवटी त्यांचा हिस्सा मलाच येणार होता ना? तुमचं काय नुकसान केलं मी?"

"दुकानातल्या पोरींबरोबर सिनेमाला गेले होते मी गेल्या आठवड्यात," ती म्हणाली. "पोट धरधरून हसले, वहिनी. परत येऊन दादाला सगळी गोष्ट लिहून पाठवली. तुम्ही उत्तर दिलंत, मजा आहे बुवा ठमीची."

तिने फोन बंद केला.

बेकरीवाला खाली चहासाठी थांबला होता, तिला हाक मारत होता. ती वर गेली. रांगेत उभी राहिली. खिडकीत पहिल्या दिवशीचाच कारकून होता.

"मघाशी मी चुकीचं लिहून दिलं. माझा भाऊ दीड महिन्यापूर्वी वारला. मला आत्ता कळलं."

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला पत्ता लागला असता का? सगळं अडकून बसेल. बालंट येईल ते तुमच्यावर."

"येऊ दे. तो नसताना त्याच्या नावाने सही केलीय मी. ती तशीच राहू द्यायची नाही मला."

कारकून उठला आणि आत अधिकाऱ्याकडे गेला.

बेकरीवाल्याला सांगायचं काम तिनेच केलं. त्याची बायको मटकन बाकावर बसली. "आम्ही राहती खोली सोडलीय हो!" बेकरीवाल्याचा चेहरा लाल झाला. "ताई, तुमच्याकडे बघून आम्ही विश्वास टाकला. चांगला केसाने गळा कापलात." ती मान खाली घालून उभी राहिली. ती दोघं निघून गेल्यावरच तिथून हलली.

संध्याकाळी घरी आली. भिंती उघड्या होत्या, सामान खोक्यांत बांधलेलं होतं. फोन वाजत राहिला. शेवटी तिने उचलला.

"एकच विचारायचंय, वहिनी. जाताना त्याला त्रास झाला का?"

"नाही, वन्सं. अगदी शांतपणे गेले." वहिनी थांबली. "तुमची आठवण काढत होते. ठमीला सांभाळ म्हणाले."

हेच तर ऐकायचं होतं तिला. तिने ते ऐकलं, आणि ते खरं असेल का, याचा विचार करत राहिली. दादा गेला तेव्हा त्याच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. विचारायला दुसरं कुणी नव्हतंच.

"बरं," ती म्हणाली.

मग तिने एका खोक्याची दोरी सोडली, त्यातून एक पातेलं काढलं आणि चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळलं, आटत गेलं. पातेल्याचा तळ तडतडायला लागला, तेव्हा तिने गॅस बंद केला.