दिसणारी भिंत

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली जाऊ दुसऱ्या गावी राहायला गेली त्याला दहा वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. धाकटी घरीच कपडे शिवायची, नवरा छापखान्यात होता आणि सासूबाई, म्हणजे माई, पंचाहत्तरीच्या.

बाथरूमच्या पांढऱ्या भिंतींचे पोपडे निघायला लागले तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात वॉलपेपर शिरला. धाकटीने परोपरीने सांगून पाहिलं की आत रोज वाफ असते, भिंतीतही ओल आहे, कागद टिकायचा नाही. पण कागदाच्या बाबतीत छापखानेवाल्याला कोण शिकवणार? निळ्या माशांचा कागद आणून त्याने एका रविवारी स्वतः चिकटवला. पंधरा दिवस मासे बरे पोहले. सोळाव्या दिवशी हा साबण लावून उभा असताना अख्खा पट्टा वरून सुटला आणि त्याच्या पाठीवर आला. हाक ऐकून धाकटी धावली, तर टॉवेल गुंडाळून, पाठीवर सहा मासे घेऊन नवरा दारात उभा. माईंना नीट दिसत नव्हतं. धाकटीने वर्णन करून सांगितलं, तशा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता टाइल्सच लावायच्या असं ठरलं. धाकटीच्या मनात पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स होत्या. बेसिन पांढरं, कमोड पांढरा, भिंतीही तशाच, म्हणजे कसं स्वच्छ वाटेल.

माईंची नजर दोन वर्षांपासून अंधुक झाली होती. ऑपरेशननेही फारसा फरक पडला नव्हता. त्या आंघोळीला गेल्या की दार लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही आणि धाकटीने बाहेर पाठ करून उभं राहायचं, असा नियमच झाला होता. माई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. पण एके काळी मनसोक्त आंघोळ करणाऱ्या बाई आता पाच मिनिटांत बाहेर येत.

टाइल्सच्या दुकानात तिघंही गेली. धाकटी पांढऱ्या नमुन्यांवर हात फिरवत होती आणि नवरा मुद्दामच माशांच्या टाइल्स आहेत का म्हणून चौकशी करत होता. माई मात्र शेवटच्या रांगेपाशी थांबल्या होत्या. त्यांच्या हातात गडद हिरवी टाइल होती.

“ही घ्या,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याने लगेच नाक मुरडलं. त्याला ती शेवाळासारखी वाटली. धाकटी म्हणाली की खोली अंधारी होईल.

“आवडली म्हणून नाही गं सांगत,” माई हळूच म्हणाल्या. “ही मला दिसते.”

धाकटीला तिची सुई आठवली. सुईत पांढरा दोरा ओवायचा असला की ती मागे काळं कापड धरायची. रोजची सवय. आणि तिनेच पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, पांढऱ्या बेसिनशेजारी माईंना उभं करून दोन वर्षं नुसतं “जपून” म्हटलं होतं.

“भिंत कुठे संपते आणि बेसिन कुठे सुरू होतं ते कळत नाही मला,” माई म्हणाल्या. “हात पुढे करून चालते, झालं.”

“मग बोलला का नाहीत, माई?”

“डोळेच अधू, त्यात भिंतीचा काय दोष, असं वाटलं.”

हिरवी टाइल घरी आली. मिस्त्री मोठा मन लावून काम करणारा माणूस होता. त्याने जुना गिलावा खरवडला, आत झिरपणारा पाइप शोधून काढला आणि भिंत वाळायला आठ दिवस चक्क मोकळी सोडली. तेवढे दिवस सगळी शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होती. मग ओल अडवणारा लेप देऊन त्याने खांद्यापर्यंत हिरव्या टाइल्स बसवल्या. वर उजेडासाठी फिकट पिवळ्या. आधाराचा पांढरा दांडा कुठे लावायचा ते त्याने स्वतः ठरवलं नाही. माईंना आत उभं केलं, डोळे मिटून तोल गेल्यासारखा हात टाकायला सांगितलं आणि हात पडला तिथे पेन्सिलीने खूण केली. एवढ्या मानाने आपल्याला कुणी काही विचारल्याचं माईंना किती दिवसांत आठवत नव्हतं.

बाथरूम वापरायला मिळाली त्या दिवशी माई टॉवेल घेऊन आत गेल्या आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. धाकटी दाराशी गेली, हात उचलला, पण ठोठावलं नाही. शिलाई मशीनवर येऊन बसली. पाय पायडलवर नुसतेच ठेवलेले. आधी पाण्याचा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही, आणि मग गुणगुण. सूर जरा खालीच होता, पण मजेत होता. पाऊण तासाने माई लालबुंद चेहऱ्याने बाहेर आल्या.

“गरम पाणी संपलं, नाहीतर अजून बसले असते,” त्या म्हणाल्या. धाकटीने त्यांना मिठीच मारली.

त्या दिवसापासून भिंतींचा ताबा माईंकडे गेला. आंघोळ झाली की रबरी वायपरने वरून खाली पाणी ओढायचं, खिडकी उघडायची. आठवड्यातून एकदा टाइल्समधले सांधे मऊ ब्रशने घासायचे. ॲसिडचं नाव काढायचं नाही, सांधे झिजतात, असं मिस्त्रीने सांगितलं होतं. शेजारणी बघायला आल्या की माई एकेकीला आत नेऊन टाइलवर हात फिरवायला लावत आणि जाताना हे सगळे नियम ऐकवत.

एका सकाळी नवरा घाईघाईत आवरून जिना उतरत होता, तेवढ्यात माईंनी भिंतीवर तळवा फिरवला. ओली होती. त्यांनी त्याला वरून हाक मारली. तो खालूनच म्हणाला की उशीर होतोय.

“मग हात जरा भराभर चालव,” माई म्हणाल्या.

बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो मुकाट्याने पुन्हा आत गेला. रबर टाइलवर करकरत होतं आणि माई बाहेर उभ्या राहून कोपरा राहिला का ते विचारत होत्या.